चोकेकिराव: अपुरिमाकची दरी उतरून-चढून जायचा इंका ट्रेक (अनुभव, माहिती, प्रश्न)

कातळवाट

पेरूला गेलेले आपले बहुतेक लोक माचू पिचू बघून येतात आणि ते बघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण त्याच विल्काबांबा डोंगररांगेत, त्याच इंकांनी बांधलेलं आणखी एक अख्खं शहर आहे, जाणकार त्याला माचू पिचूच्या तोडीचं मानतात, आणि तिथे दिवसभर फिरलात तरी भेटणारी माणसं मोजता येतात. चोकेकिराव त्याचं नाव. तिथे ट्रेन जात नाही, बस जात नाही, चालत जायचं आणि चालतच परत यायचं. मराठीत यावर फारसं कुणी लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हा धागा. मी, माझा भाऊ आणि त्याचा एक मित्र असे गेलो होतो, गाइड न घेता, एक खेचरवाला आणि त्याची खेचरं सोबत घेऊन. (गाइड सक्तीचा नाही. माचू पिचूला चालत नेणाऱ्या इंका ट्रेलला परवान्याशिवाय आणि अधिकृत टूरशिवाय जाताच येत नाही, इथे तसं नाही.)

आधी भूगोल समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. मधून अपुरिमाक नदी वाहते, ॲमेझॉनला मिळणाऱ्या लांबच्या लांब उगमांपैकी एक. तिची दरी प्रचंड खोल आहे. दरीच्या दक्षिणेला काचोरा हे गाव, साधारण २९०० मीटरवर. उत्तरेला समोरच्या डोंगराच्या धारेवर चोकेकिराव, साधारण ३०५० मीटरवर. म्हणजे उंची जवळजवळ सारखी, पण मधल्या नदीची पातळी आहे १५०० मीटर. तर ट्रेक म्हणजे जवळजवळ दीड हजार मीटर सरळ खाली उतरा, नदी ओलांडा आणि तेवढंच पुन्हा वर चढा. आणि परत येताना हेच सगळं उलट. काचोरापासून एका बाजूने साधारण ३० किलोमीटर होतात, त्यातला काचोरा ते कापुलियोक हा रस्त्याचा तुकडा टॅक्सीने करता येतो आणि मी म्हणेन तो कराच, पायातला जोर पुढे लागतो.

कुस्कोहून (इंकांची जुनी राजधानी) अबांकायकडे जाणारी गाडी पकडायची आणि काचोरा फाट्यावर उतरायचं, चार तास धरून चाला. तिथून शेअर टॅक्सी गावात नेते. वाटेत फाट्याच्या अलीकडे-पलीकडे विचारलंत तर सायविते नावाचा कोरीव दगड आहे, एका मोठ्या शिळेवर पाण्याचे पाट, पायऱ्या, प्राणी असं सगळं कोरलंय, वेळ असेल तर बघून घ्या.

कापुलियोकच्या धारेवर उभं राहिलं की पहिल्यांदा अख्खी दरी दिसते. पलीकडे पाद्रेयोकचं बर्फाचं शिखर आणि खाली इतक्या खोलवर नदी की ती हललेली दिसत नाही, फक्त आवाज येतो. नशीब असेल तर कंडोर (तिकडची प्रचंड गिधाडं) तुमच्या पायाखालून उडत जातात. तिथून वाट वळणावळणाने उतरायला लागते. वरती गवत आणि झुडपं, खाली येऊ तसं निवडुंग, धूळ, घसारा. चिकिस्का हा उतारावरचा मुक्काम, १९०० मीटरच्या आसपास, एक-दोन कुटुंबांची शेती आणि फळझाडं आहेत, तंबूला जागा देतात, भात-अंडं-सूप करून देतात, थंड पाण्याची आंघोळही होते. त्याच्या खाली प्लाया रोसालिना म्हणजे प्रत्यक्ष नदीकाठ. तिथला पूल २०१२ मध्ये दरड येऊन गेला होता, नंतर काही वर्षं लोक तारेला अडकवलेल्या पाळण्यात बसून नदी पार करत होते, आता चांगला झुलता पूल आहे.

पुलापलीकडे खरी चढण. रोसालिना ते सांता रोसा, सांता रोसा ते मारंपाता (चोकेकिरावच्या अलीकडची वस्ती). १५०० वरून २९०० मीटर, मध्ये सपाट असं काहीच नाही, नागमोडी वळणं संपतच नाहीत. कळसूबाई बारीतून चढताना साधारण ९०० मीटर चढतो आपण, तेव्हा हे दीड कळसूबाई एका दमात, पाठीवर सॅक आणि डोक्यावर ऊन. आम्ही अंधारात, टॉर्च लावून पूल ओलांडला आणि सांता रोसाला उजाडलं तेव्हा पोचलो होतो. ज्यांना आम्ही दुपारी वरून उतरताना बघितलं आणि जे दुपारी चढायला लागले होते त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

आता जे सांगायचं आहे ते. वर दोन रात्री राहा. टूरवाले जो नेहमीचा ट्रेक विकतात त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी दमूनभागून वर पोचायचं, तीन-चार तास अवशेष बघायचे, तिसऱ्या दिवशी पहाटे खाली. एवढी मरमर करून तीन तासांसाठी जायचं हे मला पटतच नाही. चोकेकिराव पसरलेलं आहे, मधला चौक एका खिंडीसारख्या सपाटीवर, त्याच्या वरच्या अंगाला वरचा चौक आणि कोठारं, दक्षिणेला एक टेकडीचं टोक अक्षरशः कापून सपाट केलेलं (उश्नू म्हणतात, पूजेची जागा), आणि चारी बाजूंनी शेतांचे टप्पे खाली खाली जंगलात उतरत गेलेले. त्यातलं जेमतेम तिसरा हिस्सा-चाळीस टक्के एवढंच जंगलातून मोकळं केलंय. एका भागातून दुसऱ्या भागात जायला तास-तास लागतो आणि तोही चढ-उताराचा.

आणि लामा (उंटाच्या कुळातला तिकडचा ओझ्याचा प्राणी)! मुख्य चौकाच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या उतारावर टप्प्यांच्या भिंतींमध्येच पांढऱ्या दगडाने लामा काढलेत. काळपट शिस्टची (थराथराने निघणाऱ्या दगडाची) भिंत आणि त्यात पांढरे शुभ्र लामा, वीसहून जास्त, सगळे एकाच दिशेला चाललेले, एक पिल्लूपण आहे. इतर इंका ठिकाणी असं भिंतीत चित्र काढलेलं मी कुठेच पाहिलं नाही. २००४ च्या सुमारास ते साफसफाईत उजेडात आले, म्हणजे बघा, त्याआधी जे जे प्रवासी चोकेकिराव बघून गेले त्यांना हे दिसलेच नव्हते. तिथे जायला चौकातून खूप उभ्या पायऱ्या उतराव्या लागतात आणि परत वर यायला लागतं, दमलेल्या पायांनी संध्याकाळी तिथे जायची कुणाला इच्छा होत नाही आणि म्हणून बरेच जण लामा न बघता परततात. मला फार वाईट वाटतं याचं. पूर्ण दिवस हातात असेल तर सकाळी लामा, दुपारी चौक आणि उश्नू, संध्याकाळी कोठारं, असं निवांत होतं.

बांधकाम बघताना एक लक्षात ठेवा, कुस्को किंवा माचू पिचूसारखे सुरी न शिरणारे घडीव दगड इथे नाहीत. इथला दगड थर निघणारा शिस्ट, तो तसा घडवता येत नाही, म्हणून भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या आणि वर मातीचा गिलावा होता, काही ठिकाणी तो अजून शाबूत आहे. पण दुहेरी चौकटीचे दरवाजे, वर निमुळते होत जाणारे कोनाडे, वरच्या डोंगरातून आणलेला दगडी पाट, सगळी रीत इंकांचीच. मुख्य चौकात मी बसले होते तेव्हा शेजारी फक्त गवत कापणारे दोन कामगार होते.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सगळं सांगते.

---

घाटमाथा

जबरी!! लामांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. फोटो टाका ना प्लीज.
एक प्रश्न, आम्ही दर वीकेंडला सह्याद्रीत असतो, राजगड-तोरणा, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग झालंय. एवढं पुरे का? आणि एएमएससारखा (उंचीवरच्या विरळ हवेचा) त्रास होतो का या ट्रेकला, कारण हिमालयात मला डोकेदुखी होते १४-१५ हजार फुटांच्या पुढे.

---

कातळवाट

@घाटमाथा, अलंग-मदन केलेल्या माणसाला इथे टेक्निकल काहीच नाही, दोर-बिर लागत नाही, वाट खेचरांची असल्याने रुंद आहे. उंचीचाही प्रश्न कमी, सगळा ट्रेक ३१०० मीटरच्या आत आहे, म्हणजे ट्रेकपेक्षा कुस्कोच जास्त उंचावर, ३४०० मीटर. विमानातून थेट कुस्कोला उतरलात तर पहिले दोन दिवस तिथेच जड जातील, शक्य असेल तर उतरल्यावर लगेच खाली ओयांतायतांबोकडे जाऊन राहा, ते २८०० ला आहे.

त्रास होतो तो गुडघ्यांना आणि उन्हाने. सलग दीड हजार मीटर उतरणं सह्याद्रीत आपल्याला कुठेच मिळत नाही, त्यामुळे सवय नसते. तयारीला मी सांगेन, चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा, वजन घेऊन, एकाच दिवसात एखादा गड दोनदा चढून उतरा. ट्रेकिंग पोल दोन घ्या, एक नको. बूट अर्धा नंबर मोठे, नाहीतर उतरताना नखं जातात.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. दक्षिण गोलार्धात मे ते ऑगस्ट सूर्य उत्तरेकडून तळपतो. म्हणजे काचोराच्या बाजूचा उतार, जो उत्तरेकडे तोंड करून आहे, तो जास्त भाजतो, म्हणून तिकडे निवडुंग आणि धूळ, आणि मारंपाताची बाजू त्या मानाने हिरवी. लोक सांता रोसाच्या चढाची धास्ती घेतात पण परतीची चिकिस्का ते कापुलियोक ही चढण जास्त छळते. तीही अंधारात सुरू करायची, नऊ-साडेनऊला वर पोचायचंच या हिशोबाने.

---

शेवंती

किती सुंदर लिहिलं आहेस ग! मी पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. तिकडे काय खाणार? बरोबर काय न्यायचं? आणि बायकांना टॉयलेटची सोय?

---

कातळवाट

शेवंतीताई, धन्यवाद! कुस्कोमध्ये शाकाहारी जेवण अगदी सहज मिळतं. ट्रेकवर मात्र गावकरी जे शिजवतील ते, म्हणजे भात, बटाटा, पास्ता, सूप, अंडं, कधी ट्राउट मासा. क्विनोआचं सूप मस्त असतं पण ते कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आधी विचारा. मांस नको एवढंच सांगितलं की कोंबडी चालत असेल असं धरतात, म्हणून 'नी कार्ने, नी पोयो, नी वेव्हो' असं सगळं म्हणा, मांस-कोंबडी-अंडं सगळं बाद. तिकडचे अव्होकॅडो फार छान, मीठ-तिखट घालून भाकरीसारख्या पावावर खाल्लं की पोट भरतं. भाजलेले टपोरे मक्याचे दाणे (कांचा) आपल्या फुटाण्यांसारखे खिशात ठेवायचे. मी घरून मेतकूट, लसणाची चटणी, कोरड्या दशम्या आणि गूळ-दाण्याचे लाडू नेले होते. मारंपाताच्या घरात त्यांच्या गरम भातावर मेतकूट-तूप, आणि तिथल्या आजींना एवढं आवडलं की डबी तिथेच ठेवून आले. (ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.)

टॉयलेट सगळ्या मुक्कामांवर आहेत, साधेच, पण आहेत. चोकेकिरावच्या कँपसाइटवर पण पाणी आणि संडास दोन्ही आहेत.

---

दरीखोरी

धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही चोकेकिरावहून मागे न फिरता पुढे चालत माचू पिचूपर्यंत गेलो. ज्यांच्याकडे आठ-नऊ दिवस आहेत आणि पाय तयार आहेत त्यांनी हेच करावं असं माझं ठाम मत, कारण चोकेकिरावची अर्धी मजा पुढे आहे.

अवशेषांच्या वरून धार ओलांडली की पलीकडे उतरताना पिंचाउनुयोक लागतं. जंगलातून अचानक शेतांचे टप्पे, त्यात खळाळतं पाणी अजून पाटातून येतंय, आणि माणूस नाही. तिथे मुक्काम केला. मग रिओ ब्लांको, पुन्हा १९०० च्या आसपास उतरलो, पुन्हा उष्मा आणि माश्या, आणि लगेच समोरची चढण माइसालपर्यंत, ३००० मीटर. ही चढण सांता रोसापेक्षा वाईट आहे, सावली आहे पण उभी आहे. माइसालला एकदोन घरं. तिथून दुसऱ्या दिवशी जुन्या चांदीच्या खाणींजवळून (विक्टोरिया म्हणतात) अब्रा सान हुआन ही खिंड, ४१०० च्या वर. इथे इंकांची फरसबंदी वाट लागते मध्ये मध्ये, खाणीकडे जाणारी. पलीकडे यानामा गाव. आता यानामापर्यंत कच्चा रस्ता आलाय, त्यामुळे पुढचा एक दिवस काही जण गाडीने उरकतात, आम्ही चाललो, ४६०० च्या वरची यानामाची खिंड, मग तोतोरा, कोल्पापांपा, तिथे साल्कांताय शिखराकडून येणारी वाट मिळते आणि एकदम गर्दी दिसायला लागते, इतक्या दिवसांनी एवढी माणसं बघून कसंतरीच झालं. लुक्माबांबाच्या कॉफीच्या मळ्यांतून वर याक्तापाता, आणि तिथून समोरच्या डोंगरावर माचू पिचू, मागच्या बाजूने. ते दृश्य तिकीट काढून आत जाण्याइतकंच मोठं आहे. मग हिद्रोएलेक्त्रिका (जलविद्युत केंद्राजवळचं स्टेशन) आणि रुळांच्या कडेकडेने माचू पिचूच्या पायथ्याचं गाव आग्वास कालिएंतेस.

या लांब वाटेला उंचीचा हिशोब वेगळा, @घाटमाथा, इथे तुम्हाला १५ हजार फूट लागतात. माचू पिचूचं तिकीट आधीच काढून ठेवा, मे ते ऑगस्ट आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

---

जुनीपानं

छान धागा. इतिहासाची थोडी भर घालतो.

चोकेकिराव बहुधा पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात सुरू झालं आणि त्याचा मुलगा तुपाक युपांकी याने वाढवलं असं मानतात. १५३६ मध्ये मान्को इंका या राजाने कुस्कोला स्पॅनिशांविरुद्ध वेढा घातला, तो फसल्यावर तो या विल्काबांबा डोंगरांत निघून आला आणि पुढची साधारण ३५ वर्षं, म्हणजे १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याला पकडून कुस्कोच्या चौकात मारेपर्यंत, इथून इंकांचं छोटं राज्य टिकून होतं. चोकेकिराव त्या टापूच्या दाराशीच, अपुरिमाकच्या बाजूने, त्यामुळे त्या काळात त्याला महत्त्व असणार. पण ते 'लपण्यासाठी बांधलेलं शेवटचं शहर' वगैरे जे यूट्यूबवर सांगतात ते चूक आहे, ते आधीच बांधलेलं होतं, आणि विल्काबांबाची राजधानी इथे नव्हती, ती पार खाली जंगलात एस्पिरितू पांपा इथे.

दुसरं, माचू पिचूमुळे नाव झालेला अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम आधी इथे आला होता, १९०९ मध्ये, ऐन पावसाळ्यात. अपुरिमाकचा तेव्हाचा प्रीफेक्ट (प्रांताचा प्रमुख अधिकारी) तिथे खजिना शोधत होता आणि त्याने बिंगहॅमला बोलावलं. त्याआधीच्या लोकांनी भिंतींवर नावं कोरून ठेवली होती, ती त्याने उतरवून घेतली, त्यात फ्रेंच मुत्सद्दी सार्तीजचं १८३४ सालचं नाव होतं. म्हणजे 'हरवलेलं' वगैरे ते शहर कधीच नव्हतं, आसपासच्या लोकांना माहीत होतंच. पण चोकेकिराव बघून बिंगहॅमला इंकांच्या शेवटच्या राजधानीचा ध्यास लागला, आणि त्यातूनच तो १९११ ला पुन्हा आला आणि माचू पिचूला पोचला. खजिन्यासाठी सुरुंग लावून जी नासधूस झाली त्याचं त्याने लिहून ठेवलंय, वाचताना जीव तुटतो.

---

पाऊलखूण

माझं मत वेगळं आहे आणि मी मनापासून लिहितेय. तिथे केबल कार करणार असं ऐकलं होतं, दहा वर्षांहून जास्त काळ चर्चा चालली आहे. ती झालीच पाहिजे. माझ्या बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, आयुष्यभर इतिहास शिकवला त्यांनी, ते हे कधीच बघू शकणार नाहीत का? फक्त तगड्या लोकांसाठी वारसा असतो का?

---

दरीखोरी

@पाऊलखूण, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि प्रश्न खरा आहे. पण माचू पिचूत दिवसाला हजारो माणसं आत सोडतात आणि तिथे आता ठरलेल्या रांगेतून, ठरलेल्या दिशेनेच फिरावं लागतं, मागे वळता येत नाही. चोकेकिरावच्या मातीच्या गाऱ्यातल्या भिंती तेवढी पावलं सोसणार नाहीत. आधी अर्ध्याहून जास्त शहर जंगलात आहे, ते नीट उकरून, टेकू देऊन होऊ दे.

---

कातळवाट

यावर मला जास्त लिहायचंय कारण तिथल्या लोकांशी बोलणं झालं.

मूळ भांडण असं आहे की अवशेष कुस्को प्रांतात आणि नेहमीची वाट सुरू होते अपुरिमाक प्रांतातून. केबल कार झाली तर अपुरिमाकच्या बाजूने माणसं पंधरा-वीस मिनिटांत दरी पार करतील, म्हणून अपुरिमाकला ती हवी, आणि कुस्कोवाल्यांना त्यात आपलं काय हा प्रश्न. त्यात गाडं अडलं.

पण आमचा खेचरवाला काचोराचा. तो म्हणाला, आज जो माणूस येतो तो माझी खेचरं घेतो, चिकिस्कात जेवतो, सांता रोसात पाणी विकत घेतो, मारंपातात झोपतो. वरून पाळणा गेला की यातलं कुणीच उरणार नाही, पैसा दोन्ही टोकांच्या तिकीटखिडकीत जाणार. मारंपातातल्या बाईंचं नेमकं उलट. त्यांची मुलगी शाळेसाठी दरीपलीकडे राहते, आणि कुणी आजारी पडलं तर खेचरावर घालून दीड दिवस. त्या म्हणाल्या, टुरिस्टचं काय ते बघा, आम्हाला दवाखान्यापर्यंत जायला काहीतरी द्या. मला दोघांचंही पटलं. माझं मत विचाराल तर मारंपाताच्या लोकांसाठी दळणवळण व्हावं, आणि अवशेषांत रोज किती माणसं सोडायची तो आकडा त्याच्या *आधी* ठरावा, कडक पाळला जावा. आकडा न ठरवता केबल कार आणली तर लामांच्या टप्प्यांवर पहिल्या वर्षीच भिंती सुटतील, तिथले दगड मी जवळून पाहिलेत.

पाऊलखूण, बाबांसाठी: खेचरावर बसून जाणारे लोक आम्हाला भेटले. काचोराला तशी वेगळी बसायची खेचरं मिळतात. उतारावर मात्र भीती वाटते आणि काही वळणांवर उतरून चालावंच लागतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच.

---

पाऊलखूण

मारंपाताच्या बाईंचं वाचून माझाही विचार थोडा बदलला. बाबांना धागा वाचून दाखवला, ते म्हणाले जुनीपानं यांनी दिलेली मान्को इंकाची हकीकत पुढे सविस्तर लिहायला सांग.

---

औषधपेटी

मी डॉक्टर आहे, दोन गोष्टी सांगते, कृपया दुर्लक्ष करू नका.

१) पिवळा ताप. पेरू या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे भारतात परत येताना तुमच्याकडे लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि कार्ड लशीनंतर दहा दिवसांनी वैध होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोला.

२) नदीकाठच्या माश्या. दिवसा चावणारी बारीक काळी माशी आणि संध्याकाळनंतर चावणारी वाळूमाशी या दोन वेगळ्या. पहिलीने फक्त खाज आणि फोड येतात. वाळूमाशीने त्वचेचा लेशमेनियासिस होऊ शकतो, पेरूच्या अशा दऱ्यांमध्ये तो आहे, त्यावर लस नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, तंबूची चेन अंधार पडायच्या आत बंद. परत आल्यावर एखादी जखम काही आठवडे भरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना 'मी पेरूत होतो' हे आवर्जून सांगा, नाहीतर इथे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

---

कातळवाट

औषधपेटी, खूप खूप आभार. माश्यांना तिकडे पुमावाकाची म्हणतात, चिकिस्का, रोसालिना आणि दरीखोरींनी लिहिलेलं रिओ ब्लांको या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त. कितीही उकडलं तरी हाफ पँट नको.

---

घाटमाथा

ठरलं, पुढच्या वर्षी जूनमध्ये चौघं जातोय! व्हिसाचं काय? पाणी कुठे कुठे? खेचराशिवाय सगळं पाठीवर घेऊन जमेल का? आणि स्टोव्हचा गॅस?

---

कातळवाट

मस्त!! एकेक सांगते.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिने मुदत बाकी असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या वकिलातीतून काढावा लागतो, लवकर सुरू करा आणि नियम एकदा त्यांच्याकडूनच खात्री करून घ्या.

पाणी: मुक्कामांवर ओढ्याचं पाणी नळाने आणलंय, गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. कापुलियोक ते चिकिस्का आणि पूल ते सांता रोसा या दोन टप्प्यांत भरवशाचं पाणी नाही, माणशी तीन लिटर भरून निघा. इलेक्ट्रॉलची पाकिटं इथूनच न्या.

सगळं पाठीवर जमेल, तुम्हाला नक्कीच, पण मी तरी म्हणेन चौघांत मिळून एक खेचर घ्या, तंबू आणि शिधा त्यावर टाका. काचोराला पोचल्यावर संध्याकाळी गावातच ठरतं. खेचरवाल्याची मजुरी, खेचराची मजुरी आणि त्याचं जेवण वेगळं धरतात, आणि परतीचे दिवसही मोजतात, हे सुरुवातीलाच स्पष्ट बोलून घ्या म्हणजे शेवटी दोघांनाही अवघड होत नाही. रोख सोल (पेरूचं चलन) कुस्कोहून न्या, सुट्टे, लहान नोटा. वरती कार्ड चालत नाही. अवशेषांचं तिकीट मारंपाताच्या पुढच्या चौकीवर रोखीनेच.

गॅस: विमानात नेता येत नाही. स्क्रूवाले डबे कुस्कोच्या ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतात, तिथेच घ्या, काचोराच्या भरवशावर राहू नका. वरती चूल पेटवायला परवानगी नाही, आणि कोरड्या मोसमात त्या दरीत वणवे लागतात, त्यामुळे स्टोव्हसुद्धा गवतापासून लांब, वारा बघून. जून म्हणजे चोवीस तारखेच्या आसपास कुस्कोला इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो, हॉटेलं भरतात, तेवढे दिवस आधी बुक करून ठेवा. रात्री वर थंडी असते, शून्याच्या खाली सहसा जात नाही, साधी तीन-सीझनची स्लीपिंग बॅग पुरते.

आणि वर दोन रात्री. सुट्टी एक दिवस कमी पडत असेल तर कुस्कोतला एक दिवस कमी करा, इथला नको.